कांसेत भर उन्हाळ्यात पाणी, सांगायचं कुणाला?

प्रश्न : काका नमस्कार, आमच्या सोसायटीच्या मागून पावसाळी कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याची उघडी नाली, जाते. मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा एप्रिल-मे मध्ये ती ठणठणीत कोरडी असायची, मुलं आत उतरून क्रिकेट खेळायची. आता ऐन उन्हाळ्यात काळं पाणी वाहतंय आणि वास असा की किचनची खिडकी उघडायची सोय नाही. तक्रार केली तर एक ऑफिस दुसऱ्याकडे पाठवतं, दुसरं म्हणतं पुरावा आणा. त्यात आता पलीकडच्या मोकळ्या जागेत, जिथे पावसाचं तळं साचतं आणि दरवर्षी टिटव्या अंडी घालतात, तिथे टीपी (टाउन प्लॅनिंग स्कीम) पडणार असं ऐकतेय. पाण्याचं खातं वेगळं, पक्ष्यांचं वेगळं, बांधकामाचं वेगळं. मी नेमकं जायचं कुठे?
– एक वाचक, निझामपुरा, वडोदरा

उत्तर : ताई, पुरावा तुमच्या पत्रातच आहे, मुलं आत क्रिकेट खेळायची ना, तोच. कांस ही पावसाचं पाणी नदीकडे नेणारी वाट आहे, भुखी घ्या, मसिया घ्या, रुपारेल घ्या, सगळ्यांचं काम तेच, मग मे महिन्यात तिच्यात पाणी दिसलं तर ते आभाळातून आलेलं नाही. क्वचित एखादा झरा असतो किंवा पिण्याची लाइन फुटलेली असते, पण ते पाणी स्वच्छ असतं, काळं नाही आणि त्याला वास नाही.

आता एक वही घ्या. कांसेच्या भिंतीवर ऑइल पेंटने एक रेघ मारा आणि आठ दिवस सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री अकराला पाणी त्या रेघेपासून किती खाली आहे ते लिहा, एकाच जागेवरून मोबाइलने फोटो काढा. सकाळी आंघोळी-भांड्यांच्या वेळेला पाणी चढलं आणि रात्री उतरलं तर समजा घरांचं ड्रेनेज जोडलंय. मध्यरात्री एकदम लोंढा आला, पाणी रंगीत, वास नाकाला झोंबणारा, तर कुणीतरी टँकर खाली करतंय किंवा कारखान्याचं पाणी सोडतंय. मी आमच्याकडे हे केलं होतं, सहाव्या दिवशी वेड्या बाभळीच्या झुडपामागे चार इंची पाइप सापडला, पाइप तसा दिसतच नव्हता, पण त्याच्या खालच्या दगडांवर राखाडी कापसासारखी बुळबुळीत जाळी धरलेली, आणि दोन पावलं वरच्या बाजूला दगड अगदी साफ. ती जाळी सांडपाण्यावरच वाढते. तुम्हीही ती शोधा, पण काठावरूनच, आत उतरू नका.

कुणी म्हणालं की ही तर नुसती नाली आहे, नदी थोडीच आहे, तर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातली प्रवाहाची व्याख्या दाखवा. वाहता असो वा तेवढ्यापुरता कोरडा, कुठलाही जलमार्ग त्यात येतो, म्हणजे तुमची कांस कायद्याने प्रवाहच आहे आणि त्यात घाण सोडायला बंदी आहे. ड्रेनेज जोडलेलं असेल तर काम महानगरपालिकेचं, कारखान्याचं पाणी असेल तर गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, पण तुम्ही ते ठरवत बसू नका, एकच अर्ज दोघांच्या नावाने द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या, मग एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड जातं. पैसे नाहीत म्हणून सांगितलं तर २२ फेब्रुवारी २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आपल्या गुजरातच्याच पर्यावरण सुरक्षा समितीने लढलेला, सांडपाण्याच्या शुद्धीकरणात पैशांची अडचण ही सबब चालणार नाही असं त्यात स्पष्ट आहे.

आता टिटव्यांचं. मला खरी काळजी याची वाटते, कारण घाण पाणी उशिरा का होईना बंद करता येतं, पण तळं बुजवून वर बिल्डिंग उभी राहिली की ते परत मिळत नाही. खाती वेगळी असतील, काम वेगळं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात नगरपालिकांकडे द्यायचे १८ विषय आहेत, पहिला नगरनियोजन आणि आठवा पर्यावरणाचं रक्षण, एकाच यादीत. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता समिती करायचीच आहे आणि आपल्या हद्दीतल्या झाडापाखरांची नोंदवही लोकांना सोबत घेऊन बनवायची आहे. माहिती अधिकारात विचारा, समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त द्या, आमच्या भागाची नोंदवहीतली पानं द्या. पानं नसतील तर तुमची वही पुढे करा, टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांमध्ये उथळ खळगा आणि मातीच्याच रंगाची चार अंडी, तारीख टाकून लांबून फोटो काढा.

आणि टीपी ऐकीव ठेवू नका. मसुदा टीपी स्कीम जाहीर झाली की हरकतीला एकच महिना असतो, शहराच्या विकास आराखड्याला दोन महिने. लोक जेसीबी आल्यावर जागे होतात, तोपर्यंत तो महिना कधीच गेलेला असतो. नकाशावर तीन गोष्टी बघा : कांस आहे तेवढ्याच रुंदीची दाखवलीय का, की सरळ करून सिमेंटच्या बंद बॉक्स ड्रेनमध्ये कोंबलीय, तळ्याच्या जागी कुठला प्लॉट नंबर पडलाय, आणि बागेसाठी ठेवलेली जागा कुठे आहे. बागेचा प्लॉट सरकवून तळ्यावर आणा अशी लेखी मागणी करा, नुसता विरोध लिहू नका, कारण टीपीत बागेला जागा द्यावीच लागते, मग ती तिथेच का नको. सोसायटीतल्या प्रत्येकाने आपापल्या सहीने वेगळी हरकत द्यायची.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे, रोज विश्वामित्री नदीवरच्या काळाघोड्याच्या पुलावरून जातो. पूर येऊ नये म्हणून नदी रुंद करायला हवी हे पटतं, ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या घरात पाणी होतं. पण मग मगरींचं काय?

उत्तर : तुझ्या घरात पाणी होतं, म्हणून हा प्रश्न तू विचारलास याचं मला फार बरं वाटलं. नदीला जागा दिली पाहिजे यात वाद नाही, आणि मगरीलाही तीच जागा लागते, फक्त मातीची. ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या उतारावर खड्डा करून अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं निघतात, एरवीही काठात खणलेली बिळं वापरते. काठ सिमेंटचा झाला तर ती खणणार कुठे? २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पात्रात खोदाई झाली तेव्हा अंड्यांचाच मोसम होता. आपली मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत, तिला हलवायला वनखात्याची परवानगी लागते. आणि विश्वामित्रीच्या केसमध्ये हरित लवादाचा २५ मे २०२१ चा आदेशही आहे, नदीची हद्द आखा, अतिक्रमण काढा, झाडं लावा, कृती आराखडा राबवा. दर वर्षी कामाचं टेंडर निघण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, महापालिकेला विचार : कुठल्या काठावर यंत्र चालणार, तिथे घरट्यांची पाहणी कुणी केली, कोतरं, म्हणजे नदीकाठच्या घळी, तशीच राहणार की भरणार?

काठावर चिखलात पोटाने घसरल्याची गुळगुळीत पट्टी आणि दोन्ही बाजूंना पंजे दिसले तर लोकेशन वनखात्याला कळव, पण पुलावरूनच बघ, खाली उतरू नकोस, अंड्यांजवळ आई असते.