ओळख नसताना लोट्याला केमिस्टची नोकरी लागते का? तयारी कशाची करायची?

तुम्ही गुहागर तालुक्यातले, बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. सहा महिने अर्ज करताय आणि कुठूनच बोलावणं नाही. घरचे म्हणतात मुंबईला काकांकडे जा, वाडीतले म्हणतात ओळख असल्याशिवाय लोट्याला (खेड-चिपळूणमधल्या केमिकल कंपन्यांच्या एमआयडीसीत) घेत नाहीत. मग तयारी तरी काय करू, असं विचारलंय. मी लिहायला बसलो ते त्या ओळखीच्या वाक्यामुळे. लोट्याच्या पट्ट्यात प्रॉडक्शनला आहे, नवे केमिस्ट निवडताना समोर बसतो, म्हणून स्पष्ट सांगतो: या एका वाक्याने कोकणातल्या पोरांचं फार नुकसान केलंय. ते एकदा डोक्यात बसलं की मुलगा अभ्यास सोडतो आणि चिठ्ठी देणारा माणूस शोधत फिरतो.

ओळखीने एकच काम होतं, अर्ज ढिगातून वर येतो. त्यानंतर रिॲक्टरवर (रसायनांची प्रक्रिया घडवणाऱ्या मोठ्या भांड्यावर) रात्रपाळीला कोणाला उभं करायचं हे ठरवताना चिठ्ठी कोणाची आहे हे कोणी बघत नाही. बॅच बिघडली की जाब शिफ्टच्या माणसाला द्यावा लागतो, आणि वायू सुटला तर शेजारच्या खात्यातली माणसंही त्यात सापडतात.

एका मुलाखतीचं सविस्तरच सांगतो, म्हणजे गाडी कुठे अडते ते कळेल. मुलगा आपल्याच भागातला, मार्क उत्तम, चिठ्ठी चांगल्या माणसाची. सुरुवात टायट्रेशनने, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून माहीत तीव्रतेचं द्रावण थेंबथेंब सोडून सॅम्पलची तीव्रता मोजण्याने. ‘टायट्रेशन केलंय?’ ‘हो सर, खूप.’ ‘ब्युरेट भरायच्या आधी काय करता?’ ‘धुतो.’ ‘कशाने?’ ‘पाण्याने.’ ‘मग?’ ‘मग भरतो.’ इथेच निम्मी मुलाखत संपली. पाण्याने धुतल्यावर जे द्रावण भरायचं त्यानेच ब्युरेट दोनदा खंगाळावी लागते. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं आणि रीडिंग खऱ्यापेक्षा जास्त येतं. भरल्यावर टोकातला हवेचा बुडबुडा काढायचा, फनेल काढून ठेवायचं, डोळा मेनिस्कसच्या (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या) पातळीत आणायचा. उलट कॉनिकल फ्लास्क (ज्यात सॅम्पल घेतात तो) फक्त पाण्यानेच धुवायचा. तो सॅम्पलने खंगाळला तर पिपेटने मोजून घेतल्यापेक्षा जास्त सॅम्पल आत राहतं. हे सगळं पहिल्या वर्षाच्या जर्नलात असतं. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलं की नेमकं हेच राहून जातं.

पुढचा प्रश्न: ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) कॉस्टिकचं, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडचं, एक लिटर द्रावण करायला किती ग्रॅम घ्याल? तो म्हणाला चाळीस. चाळीस ग्रॅम एक नॉर्मलला लागतात, इथे चार. आकडा घाईत चुकतो, तेवढं आम्ही सोडून देतो. पण ‘चार ग्रॅम मोजून घातले की द्रावण बरोबर ०.१ झालं ना?’ या प्रश्नालाही तो हो म्हणाला, ते सोडता येत नाही. कॉस्टिक हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून तराजूवरचे चार ग्रॅम हे खरे चार ग्रॅम नसतात. त्यासाठी ते केएचपीने, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने, फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा इंडिकेटर घालून स्टँडर्डाइझ करतात, म्हणजे नेमकी तीव्रता काढतात. अर्धा ग्रॅम केएचपीला ०.१ नॉर्मल कॉस्टिक साधारण २४.५ मिली लागतं. हा हिशेब कागदावर करून दाखवणारा उमेदवार आला की समोरची माणसं खुर्चीत सरसावून बसतात.

शेवटी तो म्हणाला, ‘सर, आम्हाला कॉलेजात द्रावणं तयार करूनच मिळायची.’ हे खरं आहे आणि त्यात दोष त्याचा एकट्याचा नाही. पण त्या जागेवर जी मुलगी घेतली ती सेकंड क्लास होती. एचपीएलसीबद्दल (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राबद्दल) विचारल्यावर म्हणाली, ‘मी स्वतः चालवलेलं नाही. त्यात सोडायचा द्रव, मोबाइल फेज, मी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून डीगॅस करून (विरघळलेली हवा काढून) द्यायचे.’ जेवढं केलं तेवढंच सांगितलं आणि ते नेमकं सांगितलं. तिची कोणाशी ओळख नव्हती.

म्हणून पहिले पंधरा दिवस अर्ज बंद करा आणि जर्नल उघडा. नॉर्मॅलिटी, मोलॅरिटी आणि डायल्यूशनची गणितं कॅल्क्युलेटरशिवाय यायला हवीत. पीएच मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर (ठरावीक पीएचच्या द्रावणावर) कॅलिब्रेट करतात हे माहीत असतं सगळ्यांना, पण इलेक्ट्रोड कशात ठेवता विचारलं की निम्मे जण डिस्टिल्ड वॉटर सांगतात. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, सहसा ३ मोलर, ठेवायचा. साध्या पाण्यात ठेवला तर आतले आयन बाहेर झिरपतात आणि मीटर सुस्त होतो. कार्ल फिशर टायट्रेशनने मालातलं पाणी मोजतात, त्याचा फॅक्टर (एक मिली रिएजंट म्हणजे किती पाणी तो आकडा) कशाने काढतात (डायसोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट, त्यात पाणी १५.६६ टक्के) हेही वाचून ठेवा.

आता माझं ठाम मत. बीएस्सी झालेल्या प्रत्येकाला क्यूसी (मालाची लॅब तपासणी) हवं असतं. एसी लॅब, पांढरा कोट, जनरल शिफ्ट. क्यूसीत जागा मोजक्या, प्रॉडक्शनला त्याच्या कितीतरी पट. अर्जात फक्त ‘क्यूसी केमिस्ट’ लिहिलंत तर तुम्हीच तुमचं अर्धं दार लावून घेतलंत. प्रॉडक्शनला दोन वर्षं काढलेला माणूस पुढे क्यूए (गुणवत्ता हमी), सेफ्टी, टेक्निकल सर्व्हिस कुठेही जाऊ शकतो. लॅबमधून प्लांटवर यायला मात्र फारसं कोणी धजत नाही.

प्रॉडक्शनच्या मुलाखतीत जवळजवळ नक्की येणारा प्रश्न: उष्णता सोडणारी रिॲक्शन आहे, थेंबथेंब ॲडिशन चालू आहे आणि तापमान मर्यादेच्या वर चढायला लागलं. पहिलं काय कराल? ॲडिशन बंद, कूलिंग पूर्ण चालू, शिफ्ट इनचार्जला खबर. स्टिरर बंद करायचा नाही. पुष्कळ मुलं ‘सगळं बंद करीन’ म्हणतात आणि तिथेच कटतात. ढवळणं थांबलं की रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधून उष्णता निघणं मंदावतं. आणि ढवळणं बंद असताना ॲडिशन चालू राहिली असेल तर माल न मिसळता साठतो. मग स्टिरर पुन्हा सुरू केला की सगळा एकदम पेट घेतल्यासारखा रिॲक्ट होतो. हे कारण सांगता आलं तर पाठ केलेलं नाही हे समोरच्याला कळतं.

दुसरा आवडता प्रश्न ग्लास लाइन्ड, म्हणजे आतून काचेचं अस्तर असलेल्या, रिॲक्टरचा. हायड्रोक्लोरिक ॲसिडला तो चालतो, मग चालत नाही कशाला? हायड्रोफ्लोरिक ॲसिडला आणि तीव्र गरम अल्कलीला, कारण दोन्ही काच खातात. गरम रिॲक्टरच्या जॅकेटमध्ये एकदम थंड ब्राइन (मिठाचं पाणी) सोडलं तर अस्तराला तडे जातात. तिसरा प्रश्न टोल्युईनसारखा सॉल्व्हंट भरताना अर्थिंग आणि नायट्रोजन कशासाठी. टोल्युईन विजेचा वाईट वाहक आहे, पाइपमधून वाहताना स्थिर वीज साठते. अर्थिंगने ती निघून जाते, नायट्रोजनने आतली हवा हटते, म्हणजे ठिणगी पडलीच तरी जळायला ऑक्सिजन नसतो. टोल्युईनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते) साधारण ४ अंश सेल्सिअस, म्हणजे कोकणात बारा महिने धोका. सेंट्रिफ्यूज, एएनएफडी (माल गाळून तिथेच सुकवणारं यंत्र) आणि ड्रायर यांचं काम आणि बीएमआर (बॅचच्या उत्पादनाची नोंद) म्हणजे काय, एवढं आकृतीसकट वाचलं की पहिल्या मुलाखतीपुरती तयारी झाली.

बायोडेटा एक पान. सायबर कॅफेतला छापील साचा, ‘ऑब्जेक्टिव्ह’मधली चार इंग्रजी वाक्यं आणि हॉबीमध्ये क्रिकेट, हे सगळं काढा. त्या जागी प्रोजेक्टमध्ये कोणतं इन्स्ट्रुमेंट स्वतः चालवलं आणि कोणतं फक्त पाहिलं ते वेगवेगळं लिहा. पीडीएफच्या नावात तुमचं नाव आणि ‘बीएस्सी केमिस्ट्री’ असू दे. एचआरकडे नुसत्या ‘रेझ्युमे’ नावाच्या फायली पडलेल्या असतात, त्यातली तुमची कोणती हे शोधायला कोणाला वेळ नसतो. ‘शिफ्टला तयार, कंपनी बसच्या मार्गावर राहण्याची सोय करू शकतो’ ही ओळ पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागातच हवी. गुहागरहून रोज लोट्याला ये-जा करून रात्रपाळी झेपत नाही हे एचआरलाही माहीत असतं. खेड किंवा चिपळूणला खोली बघायची तयारी आधीच दाखवा.

सहा महिने बोलावणं नाही म्हणता, त्याचं एक कारण अगदी साधं असू शकतं. तुमच्या वाडीत रेंज आहे का? एचआर एकदा फोन लावतो, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकतो आणि यादीतल्या पुढच्या नावावर जातो. बायोडेटावर दुसरा नंबर द्या, बाजारपेठेत बसणाऱ्या भावाचा, मामाचा, ज्याला दिवसभर रेंज असते त्याचा, आणि त्याला सांगून ठेवा. अनोळखी लँडलाइनचा फोन जाहिरातीचा समजून कापू नका.

कागदपत्रांत मार्कशीट, आधार, पॅन आणि बँक पासबुक या चौघांवर नाव एकसारखं आहे का ते आजच ताडून बघा. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव गायब, असं असलं की पीएफचा यूएएन (खात्याचा क्रमांक) आधारशी जुळताना अडकतो आणि रुजू व्हायचं लांबतं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा आधी नीट ठरवा, मग केंद्रावर जा. मूळ मार्कशीट प्लास्टिकच्या बंद फायलीत ठेवा आणि स्कॅन डिजिलॉकर नाहीतर मेलवर ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच घाट ओलांडून लोटे-खेडला मुक्कामाला या. परशुराम घाटात दरड आली तर सकाळची एसटी तिथेच उभी राहते.

निवड झाल्यावर मेडिकल असते. त्यात रंगांधळेपणा तपासतात, कारण टायट्रेशन कुठे थांबवायचं तो एंड पॉइंट रंगावरच ठरतो. शंका असेल तर आधीच डोळे तपासून घ्या.

पगाराचं बोलताना सीटीसी (कंपनीला पडणारा तुमचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यांत गोंधळ करू नका. समजा ग्रॉस १८,००० आणि त्यात बेसिक १२,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआयसीचे (कामगारांच्या आरोग्य विम्याचे) ०.७५ टक्के म्हणजे १३५ आणि व्यवसाय कर २०० कापून हातात १६,२२५ येतात. (महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही.) हीच नोकरी कागदावर वीस हजारांच्या वर दिसते, कारण कंपनीने भरायचा पीएफ आणि ईएसआयसी सीटीसीत धरलेला असतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: पगार कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? कंत्राटावर लागणं वाईट नाही, पण दोन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडून बघा. मागच्या महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. नोंद नसेल तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका. नोकरी लावून देतो म्हणून युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागणारा भेटला तर त्याचा नंबर ब्लॉक करा. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

‘गणपतीला सुट्टी लागेल का?’ हा प्रश्न कोकणातल्या मुलाला येतोच. ‘नाही लागणार’ असं खोटं सांगू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. ‘चतुर्थीचा दिवस मिळाला तर बरं, बाकीचे दिवस शिफ्टला येईन, शिमग्याला आधी सांगून बदली देईन’ असं उत्तर द्या. त्या दिवसांत प्लांटवर माणसांची ओढाताण असते, आणि कबूल करून येणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

मुंबईचं राहिलं. काकांच्या खोलीवर राहून तळोजा एमआयडीसीत जाणाऱ्या माणसालाही याच मुलाखतीतून जावं लागतं, तिथे ब्युरेट वेगळी नसते. शिवाय खोलीचा वाटा, लोकलचा पास आणि डबा पगारातून जातो. चाकरमानी पाहुणे ‘गावात काय ठेवलंय’ म्हणतात ते त्यांच्या तरुणपणाच्या हिशेबाने. तेव्हा लोटे, महाड, रोहा-धाटाव इथे एवढ्या जागा नव्हत्या.

अर्थात हे सगळं केमिकल आणि फार्मापुरतं. दमा असेल किंवा वासाचा त्रास होत असेल तर प्लांटचा हट्ट धरू नका. एमएस्सी ॲनालिटिकल करायची इच्छा असेल तर आत्ताच करा, नोकरीतून परत येणं अवघड जातं. सरकारी भरतीची तयारी पूर्ण वेगळी, तिच्यासोबत हे जमत नाही. मुलगी विचारत असेल तर रात्रपाळीला कंपनीची गाडी दारापर्यंत येते का, हे ऑफर लेटर घेण्याआधी लेखी विचारा.

आणि प्रत्येक मुलाखतीनंतर एसटीत बसल्याबसल्या सगळे प्रश्न वहीत उतरवा, जे आले नाहीत ते त्याच रात्री शोधा. लोट्याच्या कंपन्यांत फिरणारे प्रश्न बरेचसे तेच असतात. चौथ्या-पाचव्या मुलाखतीपर्यंत त्यातले निम्म्याहून अधिक तुमच्या वहीत आलेले असतील.