वाचकांचे प्रश्न : दाराबाहेरचा वायरलेस कॅमेरा

घराबाहेर लावायच्या वायरलेस कॅमेऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बहुतेकांनी ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ असं विचारलं आहे. आमचा आग्रह असा की आधी कॅमेरा टांगायची जागा पक्की करा. तिथे वीज कुठून येणार, वायफाय किती पोचतं आणि माणूस किती अंतरावरून जाणार, हे ठरलं की दुकानातले बरेचसे कॅमेरे आपोआप बाद होतात.

प्रश्न : गुहागरजवळ आमचं जांभ्या दगडाचं जुनं घर आहे. आम्ही ठाण्याला असतो. गणपती आणि मे महिना सोडला तर घर बंदच. फाटक घरापासून चाळीस फुटांवर आहे. तिथे वायरलेस कॅमेरा लावला तर खरंच एकही वायर ओढावी लागणार नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वायर लागेल. ‘वायरलेस’ म्हणजे चित्र वायफायवरून जातं, एवढंच. वीज अडॅप्टरच्या वायरीतून किंवा बॅटरीतून द्यावीच लागते. बॅटरीचा कॅमेरा सहसा सतत रेकॉर्डिंग करत नाही. एरवी तो झोपलेला असतो. समोर उष्ण काही हललं की जागा होतो आणि थोड्या सेकंदांचं चित्रण करतो. जागा होईपर्यंत चपळ माणूस फाटकातून आत आलेला असतो. शिवाय बंद घरात बॅटरी चार्ज करायला कोणी नाही, आणि कोकणातल्या जुलैत छोट्या सौर पॅनलवर भिस्त ठेवता येत नाही. तेव्हा तुम्ही वायरीवर चालणाराच घ्या.

ही वायर ओढताना एक चूक सर्रास होते. ५ व्होल्टचा अडॅप्टर घरात ठेवतात आणि चार्जरसारखी बारीक वायर फाटकापर्यंत नेतात. चाळीस फूट म्हणजे १२ मीटर. वीज जाऊन परत येते म्हणून २४ मीटर तांबं. बारीक वायरीत एवढ्या अंतरावर १ अँपियरला जवळजवळ २ व्होल्ट गळतात. कॅमेऱ्याला उरतात ३. दिवसा तो कसाबसा चालतोही, पण रात्री इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे लागले की जास्त वीज ओढतो आणि पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहतो. लोक कॅमेरा बदलून आणतात, तोही तसाच वागतो. १२ व्होल्टचा कॅमेरा घेतला तर तो साधारण अर्धा अँपियर ओढतो, गळती १ व्होल्टच्या आसपास राहते आणि ती चालून जाते. नाहीतर वायरमनकडून २३० व्होल्टची लाइन पाइपातून फाटकापर्यंत न्या आणि अडॅप्टर तिथेच पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवा.

आता वायफाय. जांभ्याची जाड भिंत सिग्नल बराच खाते, लोखंडी पत्रा त्याहून जास्त. म्हणून राउटर माजघरात न ठेवता फाटकाकडच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवा. फोनमध्ये सिग्नल मोजणारं ॲप घ्या, फोन २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्याला जोडा आणि कॅमेरा जिथे येणार त्याच उंचीवर धरून आकडा वाचा. उणे ६० डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) किंवा त्याहून वर, म्हणजे उणे ५०च्या दिशेने असेल तर उत्तम. उणे ७०च्या खाली गेला तर चित्र अडखळणारच. बरेच कॅमेरे ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत. राउटरवर दोन्ही जाळी एकाच नावाने असतील तर जोडणी अर्ध्यावर अडकते. तेवढ्यापुरती नावं वेगळी करा. तिथेच अपलोडचा वेगही मोजा. १०८०पी, म्हणजे २ मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) लागतो, त्याच्या दुप्पट हाताशी असावा.

पावसाचं म्हणाल तर आयपी ६६ लिहिलेला कॅमेरा घ्या; धूळ-पाण्याला तोंड देण्याचा हा दर्जा. पहिला ६ म्हणजे आत धूळ जात नाही, दुसरा ६ म्हणजे जोराच्या पाण्याच्या झोतालाही दाद देत नाही. पण ही चाचणी गोड्या पाण्याने होते. खाऱ्या हवेने स्क्रू आणि ब्रॅकेट गंजण्याशी तिचा संबंध नाही, म्हणून ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू वेगळे आणा. समुद्राकाठी ३०४ सुद्धा कालांतराने डाग धरतो. पाणी शिरतं ते बहुधा कॅमेऱ्यात नाही, त्याच्या शेपटीच्या कनेक्टरमध्ये. तो उघडा लोंबू देऊ नका, जंक्शन बॉक्सात घ्या. पेटीत शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाईल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

बंद घरासाठी आणखी दोन गोष्टी. राउटर आणि कॅमेऱ्याला वेगळा एमसीबी ठेवा, म्हणजे निघताना बाकीचं घर बंद करता येईल. राउटरला डिजिटल टायमर लावून रोज पहाटे एक मिनिट वीज तोडा; अडकलेला राउटर उठवायला गुहागरला जावं लागणार नाही.

आणि फाटकापर्यंत चर खणणारच असाल तर त्यात लॅन केबल टाका. पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेऱ्याला त्या एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही मिळतं, १०० मीटरपर्यंत. वायर नेता येत असेल तिथे वायफायच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : २ मेगापिक्सेल घ्यावा की ४? दुकानदार म्हणतो ४ मध्ये चेहरा दुप्पट लांबून दिसेल. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुप्पट नाही. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर चित्रात त्या जागी मीटरला सुमारे २५० पिक्सेल पडावेत, आणि ओळखीचा माणूस ‘हा तोच’ म्हणून कळायला १२५, असा हिशेब या व्यवसायात धरतात. २ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. २५०ने भागलं की ७.७ मीटर रुंदीचं दृश्य. भिंग ९० अंशांचं असेल तर एवढी रुंदी ३.८ मीटर अंतरावर भरते. म्हणजे चेहरा ओळखायची हद्द साडेबारा फूट. ४ मेगापिक्सेलची रुंदी बहुतेक २५६० पिक्सेल असते. हद्द जाते ५.१ मीटरवर, सतरा फुटांच्या जरा आत. फरक सव्वा मीटरचा. आणि हे सगळं भर उजेडात. रात्री त्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो.

अंतर वाढवायचं असेल तर भिंग बदला. २.८ मिलिमीटरऐवजी ४ किंवा ६ मिलिमीटरचं भिंग अरुंद भाग, पण जवळ आणून दाखवतं. फाटकासाठी ते, अंगणासाठी २.८. उंची आठ ते दहा फूट पुरे. गच्चीच्या कठड्यावरून टोप्या आणि केस दिसतात, चेहरा नाही.

प्रश्न : आमचा बॅटरीवरचा कॅमेरा हिवाळ्यात मांजर गेलं तरी कळवायचा. मे महिन्यात दुपारी माणूस दारात उभा राहिला तरी गप्प. बिघडला का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : बिघडलेला नाही. या कॅमेऱ्यातला पीआयआर सेन्सर चित्रातली हालचाल बघत नाही, उष्णतेतला फरक बघतो. माणसाची त्वचा ३३-३५ अंशांची. जानेवारीच्या सकाळी मागची भिंत १५ अंशांची असते, तेव्हा माणूस ठळक उठून दिसतो. मे महिन्यात भिंत आणि अंग एकमेकांच्या जवळ आले की सेन्सरला काही वेगळं जाणवतच नाही.

उपाय सांगतो. संवेदनशीलता उन्हाळ्यापुरती वाढवा. कॅमेरा असा फिरवा की माणूस त्याच्या दिशेने सरळ न येता आडवा जाईल. पीआयआरला आडवी हालचाल फार चांगली कळते. अंतर तीन ते सहा मीटरच्या आत ठेवा. वीज ओढता येत असेल तर चित्रावरूनच माणूस ओळखणारा, वायरीवरचा कॅमेरा घ्या. त्याला तापमानाशी देणंघेणं नाही.

कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर तो तिथून हलवा. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हात तापलेल्या काळ्या डब्याच्या आत त्याहून जास्त होतं. सौर पॅनलवर लख्ख ऊन असूनही टक्के वाढत नाहीत ते यामुळे. पॅनल उन्हात, दक्षिणेकडे तोंड करून वीस-बावीस अंश कललेलं. कॅमेरा मात्र सावलीत, उत्तरेच्या भिंतीवर.

प्रश्न : रात्री चित्र पांढरंफटक दिसतं आणि सारखे इशारे येतात. (एक वाचक, सांगली)

उत्तर : इन्फ्रारेड प्रकाश जवळच्या कशावर तरी आदळून परत येतोय. पत्र्याची कड, खांब, पांढरी भिंत, पावसाची पागोळी चित्राच्या कोपऱ्यातही नको. खिडकीच्या काचेमागून तर रात्रीचं चित्र मिळतच नाही. इशारे बहुतेक कोळ्याचे असतात: उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि भिंगासमोरचा धागा वाऱ्याने हलला की कॅमेऱ्याला तो भलामोठा दिसतो. पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने झाडा. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड बंद करून सात-आठ फूट बाजूला वेगळा दिवा लावला तर हा त्रास जवळपास संपतो.

प्रश्न : विहिरीवरची मोटारीची केबल चोर कापून नेतात. शेतात ना वायफाय, ना रात्रभर वीज. सिमकार्डाचा सौर कॅमेरा टिकेल का? (एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर : टिकेल, पण दोन हिशेब आधी करा.

पहिला डेटाचा. २ एमबीपीएसने थेट चित्र बघितलं तर तासाला ९०० एमबी जातात. रोजच्या दीड जीबीत पावणेदोन तासही होत नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर ठेवा, थेट बघताना कमी दर्जाचं चित्र निवडा. कॅमेरा कुठले बँड (मोबाइल लहरींचे पट्टे) पकडतो ते खोक्यावर वाचा. जिओचं सिम घालणार असाल तर ३, ५ आणि ४० हे बँड हवेत. जिओला टूजी-थ्रीजी नाही, त्यामुळे फोरजी सुटलं की मागे काहीच उरत नाही. खांब रोवण्याआधी त्याच कंपनीच्या सिमचा फोन घेऊन त्या जागी उभं राहून बघा.

दुसरा विजेचा. सतत रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा सरासरी ४ वॉट घेतो असं धरा (नेमका आकडा त्याच्या पट्टीवर असतो). चोवीस तासांचे झाले ९६ वॉट-तास. दिवसाला चार तास चांगलं ऊन आणि तीस टक्के गळती धरली तर ४० वॉटचं पॅनल ११२ देतं, जेमतेम पुरतं. १२ व्होल्ट २० अँपियर-तासांची बॅटरी ऊन नसताना दोन दिवस ओढते. झडीच्या आठवड्यासाठी दोन्ही दुप्पट करा. कॅमेऱ्यासोबत येणारं ३-४ वॉटचं पॅनल फक्त झोपून-उठून काम करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी आहे.

खांब किमान बारा फुटी घ्या आणि स्टार्टरच्या पेटीपासून पंधरा-वीस फुटांवर रोवा. पेटीवरच लावलेला कॅमेरा केबलबरोबर जातो. ऊस-तूर डुलते तो भाग ॲपमध्ये इशाऱ्याच्या क्षेत्रातून वगळा. सायरन आणि पांढरा झगझगीत दिवा असलेलं मॉडेल इथे पैसे वसूल करतं, कारण तुम्ही गावातून पोचेपर्यंत तेवढंच कॅमेऱ्याच्या हातात आहे.

प्रश्न : १२८ जीबीच्या कार्डात किती दिवस मावतात? वीज गेली की काय होतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : एमबीपीएसला १०.८ने गुणा, दिवसाचे जीबी मिळतात. २ एमबीपीएसला २१.६ जीबी, म्हणजे जेमतेम सहा दिवस. एच.२६५ या चित्रण जास्त दाबून साठवायच्या पद्धतीने तेच चित्र सुमारे १ एमबीपीएसमध्ये बसतं, तेव्हा जेमतेम बारा. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या; फोनचं साधं कार्ड सततच्या लिहिण्याने मरतं आणि ॲपमध्ये वरवर सगळं ठीक दिसत राहतं. महिन्यातून एकदा जुनं चित्रण उघडून बघा.

वीज गेल्यावर राउटर, फायबरचा डबा आणि कॅमेरा या तिन्हींना बॅकअप हवा. मिनी यूपीएसवर ८००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. ती शक्ती होते ३० वॉट-तास. ८ वॉटचा राउटर त्यावर तीन तासांच्या आसपास चालतो.

प्रश्न : समोरच्या फ्लॅटवाल्यांची तक्रार आहे की आमचा कॅमेरा त्यांच्या दारात बघतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तक्रार रास्त आहे, आजच दुरुस्त करा. ॲपमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो. त्यांचं दार आणि खिडकी त्याने काळी करा, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा आणि त्यांना तुमच्या फोनवर चित्र दाखवा. सामायिक पॅसेजसाठी सोसायटीची लेखी परवानगी घ्या. स्त्रीचं खासगी क्षणातलं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

चोरीचा पुरावा द्यायची वेळ आली तर चित्रण व्हॉट्सॲपवर फिरवू नका, दर्जा घसरतो. कार्ड काढून बाजूला ठेवा, मूळ फाइल पोलिसांना द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलवरून काढलेला, ठशासारखा ओळख-आकडा) लिहायची असते.

प्रश्न : स्वस्त कॅमेऱ्यातून कोणी आपल्याच घरात डोकावू शकतं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : शकतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिल्यामुळे. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा, राउटरवर कॅमेऱ्यासाठी पाहुण्यांचं वेगळं जाळं बनवा. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबरसुरक्षेच्या निकषांवर चाचणी बंधनकारक आहे. खोक्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून तपासा. क्रमांक नसेल किंवा दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर तो कॅमेरा घेऊ नका.

प्रश्न : जुना कॅमेरा भावाला द्यायचा आहे. नुसता रीसेट केला की झालं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नाही. रीसेटने वायफायचं नाव पुसतं, पण कंपनीच्या सर्व्हरवर कॅमेरा बहुतेक वेळा तुमच्याच खात्याला बांधलेला राहतो आणि भावाच्या ॲपमध्ये जोडला जात नाही. आधी तुमच्या ॲपमधून तो काढून टाका, मग रीसेटचं बटण दहा सेकंद दाबा, आणि कार्ड स्वतःकडे ठेवा.