नळाला करंट, पण गिझर तर बंद!

प्रश्न : आमची इमारत नौपाड्यात, 1986 सालची, 4 मजली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीनंतर बाथरूमचा नळ ओल्या हाताने धरला की मुंग्या येतात, शॉवरला तर चिमटाच बसतो. सकाळी 6 ते 7 जास्त. सासूबाई नळाला फडकं गुंडाळून हात लावतात. आमच्या गिझरचा प्लग काढून ठेवला तरी तेच. एमसीबी पडत नाही. वायरमन म्हणतो, नळ, टॉवेल रॉड, जाळी, सगळ्याला अर्थिंग ओढून देतो, 4,500 रुपये. प्लंबर म्हणतो, रबरी चपला घालून अंघोळ करा. इमारतीत दुसरं काही काम निघालेलं नाही. दिवाळीत खालच्यांनी बाथरूम नवीन केलं, दोन दिवस पाणी नव्हतं, तेवढंच. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. दोन दिवस सगळ्यांचं पाणी बंद ठेवलं, म्हणजे खालच्यांनी नुसत्या टाइल्स बदललेल्या नाहीत. डक्टमधला उभा डाऊनटेक पाइप, म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं पाणी खाली आणणारा, कापला असणार. त्या काळच्या इमारतीत तो जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, आणि आज कापलेल्या जागी प्लंबर सीपीव्हीसीचा प्लास्टिक पाइप बसवून मोकळा होतो. पाण्याच्या दृष्टीने काम झकास. पण लोखंडी पाइप गच्चीपासून खालपर्यंत सलग होता, भिंतींना टेकत जमिनीशी जोडलेला होता, तोवर त्यात कुणाकडून करंट उतरला तरी खाली निघून जायचा. आता मधे प्लास्टिक आलं. वरच्या दोन मजल्यांचा पाइप अधांतरी लटकतोय, आणि त्याला जमीन मिळते ती तुमच्या ओल्या पायांतून.

करंट सोडतंय कोण? तुमचा प्लग काढूनही मुंग्या येतात, म्हणजे तुमचा गिझर नव्हे. सकाळी 6 ते 7 या वेळेत वर कोण अंघोळ करतं ते बघा.

काही वर्षांपूर्वी कोपरीतल्या एका सोसायटीत हुबेहूब हेच पाहिलं. नळ आणि मोरीची जाळी यांच्यामध्ये माझा मीटर 68 व्होल्ट दाखवत होता. वरच्या आजोबांना गिझरचा प्लग काढायला लावला, आकडा 2 वर आला. प्लग उघडला तर अर्थची हिरवी वायर पिनेला नव्हतीच. मागे दुमडून, काळी टेप गुंडाळून ठेवलेली. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "ईएलसीबी सारखी पडायची, मिस्त्रीने ती वायर काढली, तेव्हापासून त्रास नाही." (ईएलसीबी म्हणजे करंट गळाला की पडणारा स्विच.) त्रास नव्हता तो त्यांना! गिझरच्या एलिमेंटची नळी क्षारांनी खाऊन चिरली होती. आत पाणी शिरून करंट टाकीच्या बॉडीला, तिथून स्टीलच्या जाळीच्या पाइपाने भिंतीतल्या जीआयला, आणि तिथून खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या हाताला. आपल्या तीन पिनी प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते, ती याचसाठी की अर्थ सर्वांत आधी लागावी आणि सर्वांत शेवटी सुटावी. तीच पिन रिकामी ठेवायची, याला मी तरी मिस्त्रीगिरी म्हणत नाही.

एमसीबी का पडत नाही? गिझरची एमसीबी 16 किंवा 20 ॲम्पियरची, करंट त्याच्या वर गेला तरच ती पडते. माणूस मरायला त्याचा पाचशेवा भागही पुरतो. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरा, म्हणजे 68 व्होल्टला 68 मिलीॲम्पियर. यासाठी 30 मिलीॲम्पियरची आरसीसीबी लागते, जिला बाजारात अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढंच ती बघते, आणि कमी आला की पडते.

आता नीट वाचा, कारण इथे बरेच वायरमनही गडबडतात. तुमच्या घरात आरसीसीबी लावलीत तरी वरच्यांच्या गिझरचा करंट तिला दिसणारच नाही. तो तुमच्या मीटरमधून आलेलाच नाही. ती त्यांच्या बोर्डात हवी. तुमच्या बोर्डातही लावाच, उद्या तुमचा गिझर बिघडला तर तुमच्यासाठी आणि शेजाऱ्यांसाठी.

टॉवेल रॉडला वायर ओढायचे पैसे वाचवा. तो टाइल्सवर प्लास्टिकच्या गुट्ट्यांत बसवलेला आहे, त्याचा कशाशी संबंध नाही. त्याला अर्थ दिलीत आणि एका हातात करंटचा नळ, दुसऱ्या हातात तो रॉड आला, तर शॉक आधीपेक्षा जोरात, तोही छातीतून. जोडायचं ते बाहेरून घरात येणाऱ्या सलग धातूला, म्हणजे त्या उभ्या पाइपाला. खाली जिथे प्लास्टिक सुरू होतं, त्याच्या वर क्लॅम्प मारून तांब्याच्या 6 स्क्वेअर एमएम वायरने तो इमारतीच्या मेन अर्थला जोडायचा. हे सोसायटीचं काम आहे, लायसन्सवाल्याकडून करून घ्या. टेस्टर पेटतो की नाही यावर त्याने निकाल देऊ नये, मीटर लावावा.

एक सावधगिरी. अर्थिंग सापडत नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडणारे महाभाग आहेत. न्यूट्रल कुठे तुटली की अख्ख्या गिझरच्या बॉडीवर 230 व्होल्ट. बोर्डात आरसीसीबी असली तर ती अशा जोडणीने पडते, मग हे महाभाग तिलाही काढून टाकतात.

तोवर काय? आज रात्रीच वर जाऊन सांगा. भांडायला नको, त्यांनाही ठाऊक नसेल. दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी गिझरचा प्लग काढून ठेवावा. नुसतं बटण नको, कधी कधी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं, मग ते बंद केलं तरी फेज गिझरपर्यंत पोचतेच. तुम्ही पाणी गॅसवर तापवा, बादलीने अंघोळ करा, शॉवर नको. चपलांचा भरवसा धरू नका. रबर ओलं झालं, हात भिंतीला टेकला, की संपलं.

सेक्रेटरींना अर्थिंगचा खड्डा, म्हणजे मेन अर्थ जिथे जमिनीत उतरते ती जागा, कुठे आहे ते विचारा. बहुतेक वेळा मीटर रूमच्या मागे असतो, आणि पेव्हर ब्लॉक टाकताना कुणीतरी तो बुजवलेला असतो.