थर्मोस्टॅट नागपुरातही लागतो

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझी २०१६ ची बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. मनीषनगरहून सिव्हिल लाइन्सच्या शाळेत रोज जाते, एका बाजूने आठ-नऊ किलोमीटर. दर वेळी टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज वहीत लिहिते. एप्रिलमध्ये १५.८, जुलैमध्ये १४.१ आणि डिसेंबरमध्ये १२.३ आलं. ऑक्टोबरपासून चेक इंजिनचा दिवा लागतो. मिस्त्री बॅटरीची वायर काढून पुन्हा लावतात, चार दिवस बरे जातात, मग परत दिवा. प्लग आणि एअर फिल्टर नवे टाकले, दुसऱ्या गॅरेजात ऑक्सिजन सेन्सर बदलला. आता इंजेक्टर काढायचे म्हणतात. शेजारी म्हणतात, पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय. मे महिन्यात वर्धा रोडवर गाडी गरम झाली होती, तेव्हा एक वॉल्व काढून टाकला. तेवढंच एक काम झालं होतं. काय करू?
— एक शिक्षिका, मनीषनगर

उत्तर : ताई, इंजेक्टरला सध्या कुणाला हात लावू देऊ नका. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तुमच्या पत्रातली वॉल्वची ओळ, आणि त्याहून मोलाची तुमची वही.

एप्रिलच्या उन्हात तुम्ही एसी लावून १५.८ काढलेत. डिसेंबरात एसी बंद, म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढायला हवं होतं. ते उलट २२ टक्क्यांनी पडलं. थंडीत अ‍ॅव्हरेज असं पडलं की मी आधी एकच गोष्ट बघतो, इंजिन पुरतं तापतंय का. इथेनॉल म्हणाल, तर लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं आणि शुद्ध पेट्रोलशी तुलना केली, तरी फरक सहा-सात टक्क्यांचा. शिवाय तुमच्या वहीतलं घसरणं मे महिन्यानंतरचं आहे.

तो काढलेला वॉल्व म्हणजे बहुतेक थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘नागपुरात एवढं ऊन, इथे थर्मोस्टॅट लागतच नाही’ हे आपल्याकडे किती गॅरेजांत आजही म्हणतात! मीही उमेदवारीत हेच शिकलो आणि कार्ब्युरेटरच्या कितीतरी गाड्यांचे थर्मोस्टॅट माझ्या हातांनी काढले. त्या गाड्यांना कॉम्प्युटर नव्हता, म्हणून नुकसान कुणाला दिसलं नाही. तुमच्या गाडीत कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर आहे. थर्मोस्टॅट नसला की थंड कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. इंजिन नव्वदच्या आसपास चालायला हवं, ते साठ-सत्तरवर अडकतं. सकाळी पारा दहावर असताना आठ किलोमीटरच्या फेरीत तर ते तिथपर्यंतही जेमतेम पोचतं. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. थंडीत जुन्या स्कूटरचा चोक ओढून ती तशीच शाळेपर्यंत चालवावी, तसं समजा. हे जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइलही धुऊन नेतं, ते मला पैशाच्या नुकसानीपेक्षा जास्त खटकतं.

खात्री घरीच करता येईल. सकाळी गाडी पूर्ण गार असताना बॉनेट उघडा, ओढणी नीट खोचा, इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी पाइपवर बोटं ठेवा. पंख्यापासून हात दूर. थर्मोस्टॅट असेल तर पाइप बराच वेळ गार राहील, मग अचानक चटका बसेल इतका तापेल. तुमचा पाइप मिनिट-दोन मिनिटांतच कोमट होऊन हळूहळू चढत गेला, तर वॉल्व नाही. रेडिएटरचं झाकण मात्र गरम गाडीवर कधीच उघडू नका.

मग स्कॅनर लावून घ्या, म्हणजे दिवा कशामुळे लागला त्याचा कॉम्प्युटरने साठवलेला कोड वाचता येईल. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट आहे. बॅटरीची वायर त्याआधी काढू देऊ नका. वायर काढली की कोडबरोबर, दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं आणि वेग किती होता, ही नोंदही पुसली जाते. निदानासाठी मला तीच लागते. पी०१२८ आला, म्हणजे कूलंट पुरतं तापत नाही, तर माझा अंदाज बरोबर. पी०१७१ आला तर कुठूनतरी जादा हवा शिरतेय का, ते आधी बघायचं. कोड कागदावर लिहून घ्या आणि मला कळवा.

नवा थर्मोस्टॅट घेताना कंपनीने दिलेल्या तापमानाचाच घ्या, आकडा त्यावर कोरलेला असतो. मी तो बसवण्याआधी गिऱ्हाइकासमोर पातेल्यात टांगतो. पाणी तापत जातं, काही होत नाही, आणि ऐंशीच्या पुढे मधली चकती सावकाश उचलली जाते. आत मेण असतं, ते फुगून चकतीला ढकलतं. पाणी निवलं की चकती परत बसते. हे पाहिलेला माणूस पुन्हा कधी वॉल्व काढा म्हणत नाही.

आणि मे महिन्यात गाडी गरम का झाली, ते शोधायचं राहूनच गेलं आहे. रेडिएटरच्या जाळीतली धूळ, पंख्याचा रिले, झाकणाचं रबर, तिन्ही तपासून घ्या. बोअरवेलचं पाणी भरलं असेल तर आत क्षार बसले असतील. सगळं काढून धुवा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात भरा, हवा नीट काढून. जुना ऑक्सिजन सेन्सर गॅरेजात असेल तर मागून ठेवा, तो चांगलाच असण्याची शक्यता आहे. वही चालू राहू द्या. तीन टाक्यांनंतरचा आकडा मला हवा आहे.

प्रश्न : गाडी झटके खाते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. काटोलहून तशीच नागपूरला आणू का?
— एक वाचक, काटोल

उत्तर : आणू नका, भाऊ. दिवा स्थिर असेल तर सावकाश येता येतं. लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे चाललंय. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. साठेक किलोमीटर त्याला पुष्कळ झाले. काटोलातच स्कॅन करा. पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर नीट पेटत नाही, तर दोन नंबरची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तीन नंबरवर आणि तीनची दोनवर लावून गाडी थोडी चालवून बघा. कोड पी०३०३ झाला, म्हणजे बिघाड कॉइलबरोबर तीन नंबरवर गेला, तर ती एकच कॉइल बदला.