वाचकांचे प्रश्न : आजीच्या हातचे

प्रश्न : माझ्या आजीचे नुकतेच निधन झाले. चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ उपासना ठेवली आहे आणि कुटुंबाच्या वतीने पाच मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजीचे सारे आयुष्य घर, चर्च आणि विणकाम यांत गेले. मी तीनदा लिहायला बसले, पण ‘प्रेमळ, श्रद्धाळू, कष्टाळू’ यांच्यापुढे गाडी सरकत नाही, आणि हे तर कोणाच्याही आजीबद्दल म्हणता येईल. मला आठवते ते फारच किरकोळ आहे. विणताना ती ओठांतल्या ओठांत टाके मोजायची आणि मध्येच कोणी हाक मारली, तर मान वर न करता एक बोट उभे करायची. ओळ संपली की मगच ‘हं, बोल’ म्हणायची. प्रार्थनेला बसलेली असतानाही तेच बोट. तिची एक शाल सुयांवर अर्धवट राहिली आहे. आत्याच्या मते ती उसवून लोकर वाटून घ्यावी. मला ती पूर्ण करावीशी वाटते, पण माझा हात तिच्यासारखा नाही.
– एक नात

उत्तर : तुम्ही ज्याला किरकोळ म्हणता, तिथूनच बोलायला सुरुवात करा. ते उभे बोट तुमच्या आजीशिवाय दुसऱ्या कोणाचेही नाही, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी ते कधी ना कधी पाहिलेले असणार. विशेषणे श्रोत्यांना मान डोलवायला लावतात. बोट दाखवलेत, तर त्यांना आजी दिसेल.

याला पवित्र शास्त्रातलाच, म्हणजे बायबलचाच, आधार आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 9व्या अध्यायात यापो गावच्या टबीथाची, म्हणजेच दुर्कसची, हकिकत येते. ती सत्कृत्ये आणि दानधर्म करण्यात तत्पर होती, एवढे एका वाक्यात सांगून लेखक पुढे जातो. ती मरण पावते, येशूचा शिष्य पेत्र याला बोलावणे जाते आणि तो माडीवर येतो, तेव्हा तिथे जमलेल्या विधवा तिचे गुण गात बसत नाहीत. त्या रडत रडत त्याला अंगरखे आणि वस्त्रे दाखवतात, दुर्कस त्यांच्यात असताना तिने केलेली. मला हा प्रसंग नेहमीच विलक्षण वाटत आला आहे, कारण ज्यांच्यासाठी ती शिवत होती, त्यांनीच पुढे होऊन तिच्याविषयी साक्ष दिली आणि ती साक्ष कापडाची होती.

तुम्हीही तेच करा. नातलगांना आणि चर्चमधल्या मंडळींना ‘आजी कशी होती?’ असे विचारू नका, कारण मग पुन्हा तीच तीन विशेषणे हाती येतील. ‘तिने तुमच्यासाठी काय विणले होते आणि ते कधी दिले?’ असे विचारा. कोणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याची टोपी असेल, कोणाच्या आजारपणातले मोजे असतील. ज्यांच्याकडे त्या वस्तू अजून आहेत, त्यांना त्या उपासनेला घेऊन यायला सांगा आणि पाळकांची परवानगी घेऊन पुढच्या एका टेबलावर मांडा. ज्यांना व्यासपीठावर उभे राहून दोन शब्दही बोलता येणार नाहीत, त्यांचेही म्हणणे अशाने मांडले जाईल.

तिचे बायबलही एकदा सावकाश चाळा. समासात पेन्सिलीने टिपलेल्या तारखा, अधोरेखित वचने, पानांत खूण म्हणून ठेवलेला लोकरीचा तुकडा, यांतून ती कोणत्या दिवसांत कशाचा आधार शोधत होती हे कळते. मात्र एखादी टीप तिच्या मनातल्या खाजगी दुःखाची असेल, तर ती जाहीर वाचू नका. अशा प्रसंगी बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या 31व्या अध्यायातले सद्गुणी स्त्रीचे वर्णन वाचायचे अनेकांच्या मनात येते. त्या 22 ओळींची रचना हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने केलेली आहे आणि लोकर व ताग मिळवून हातांनी काम करणारी स्त्री तिथेही आहे, तेव्हा तो उतारा अवश्य वाचा. पण आजीला त्या साच्यात कोंबू नका. ती तुटक बोलत असेल, कोणाचे टाके सैल पडले की तोंडावर सांगत असेल, तर तेही येऊ द्या. पाच मिनिटांना सावकाश वाचलेले सुमारे 500 शब्द पुरतात.

आता शाल. ती उसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी ती कोणासाठी होती याचा शोध घ्या, कारण पुढचा निर्णय त्यावर ठरेल. तोवर सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा एक मजबूत सुती दोरा ओवून ठेवा, म्हणजे सुई निसटली तरी टाके खाली ओघळणार नाहीत. पूर्ण करायची ठरल्यास त्याच जाडीच्या सुया घ्या आणि आधी वेगळा छोटा नमुना विणून पाहा. प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, त्यामुळे दहा सेंटिमीटरमध्ये तुमचे टाके कमी-जास्त भरतील आणि जिथे तिचा हात थांबला ती ओळ ओळखू येईल. ती येऊ द्या. ती लपवण्यासाठी तिच्या ओळी उलगडू नका. आत्यांना लोकरच हवी असेल, तर न वापरलेल्या गुंड्या त्यांना द्या.

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत लोकरीचे कपडे आणि सुती क्रोशाचे रुमाल निघाले. काही पिवळे पडले आहेत, काहींना कसर लागली आहे. काय करावे?

उत्तर : लोकरीला लागणारी कसर ही एका लहानशा पतंगाची अळी असते आणि तिला लोकरीतले केराटिन हे प्रथिन खायला लागते, घामाचे, अन्नाचे डाग असलेले कपडे ती आधी गाठते. म्हणून धुतल्याशिवाय काहीही बंद करून ठेवू नका. कसर लागलेले कपडे पूर्ण कोरडे असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. डांबराच्या गोळ्यांची वाफ श्वासावाटे अपायकारक असते, तान्ह्या बाळांना विशेषतः, त्यामुळे त्या मी तरी वापरत नाही.

सुती रुमालांचा पिवळेपणा बऱ्याचदा जुन्या खळीचा आणि राहून गेलेल्या साबणाचा असतो. कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सपाट वाळवा. मग धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवा, लाकडाला थेट टेकवू नका आणि अधूनमधून घड्या बदला, कारण एकाच घडीवर धागा तुटतो. विणलेले कपडे हँगरवर टांगले की ओघळतात.

शेवटी सुती फितीच्या तुकड्यावर पेन्सिलीने आजीचे नाव, वस्तू कोणासाठी केली ते आणि माहीत असल्यास वर्ष लिहा, आणि ती फीत कडेला दोन सैल टाक्यांनी शिवा.