ताई, तिला सोडून दे म्हणू का?

फ्रँकफर्टजवळ राहणाऱ्या एका मराठी आईचा मला २०२४च्या जूनमध्ये फोन आला. (घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लेक चौदा वर्षांची, सातव्या वर्षापासून क्लबात टेनिस खेळणारी. "ताई, गेल्या नऊ स्पर्धांत सात वेळा पहिल्याच फेरीत हरली. शाळेचा अभ्यासही वाढलाय. सोड म्हटलं तर जन्मभर ऐकवेल, तुम्हीच सोडायला लावलंत. खेळ म्हटलं तर दर रविवारी तिचा चेहरा बघवत नाही."

हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कधी बुद्धिबळ असतं, कधी व्हायोलिन, कधी पोहणं. आईबापांची झोप उडते ती एकाच धास्तीने: आपण काही बोललो आणि ते चुकलं तर?

पहिल्या भेटीत घाई माझ्याकडूनच झाली. मुलगी खाली मान घालून तळव्यावरचा घट्टा नखाने खरवडत होती. तिला धीर द्यावा म्हणून मी जर्मन टेनिसपटू अँजेलिक केर्बरची गोष्ट काढली. २०११च्या पहिल्या सहामाहीत केर्बर एकामागून एक स्पर्धांत पहिल्या फेरीत बाद होत होती. विम्बल्डनलाही लॉरा रॉबसनकडून पहिल्याच सामन्यात हरली. टेनिस सोडायचा विचार तेव्हा मनात आला होता, हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. आणि त्याच सप्टेंबरमध्ये, ९२व्या क्रमांकावर असताना, ती अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली! पुढे २०१६मध्ये ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन, अठ्ठाविसाव्या वर्षी जगात पहिला क्रमांक, २०१८मध्ये सेरेना विल्यम्सला ६-३, ६-३ हरवून विम्बल्डन.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, ज्यांनी सोडलं नाही आणि तरी कधीच जिंकल्या नाहीत, त्यांची गोष्ट कोण सांगतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

त्या रात्री मी केर्बरचा तो उन्हाळा पुन्हा नीट तपासला. नुसत्या चिकाटीवर तिचं काही बदललं नव्हतं. त्याच पद्धतीने तेच करत राहिली असती तर कदाचित तेच निकाल आले असते. विम्बल्डननंतर ती सरावाला ऑफेनबाखच्या अकादमीत आली. सोबतीला आंद्रेया पेटकोविच होती, त्या वेळची जर्मनीची सर्वांत वरची खेळाडू. दिवसभर आपल्यापेक्षा सरस खेळणारीबरोबर घाम गाळायचा, आधी शरीर कणखर करायचं, असा तो क्रम होता. २०१७मध्ये ती पुन्हा घसरली, वर्षभरात एकही विजेतेपद नाही, तेव्हाही तिने प्रशिक्षक बदलला आणि मगच विम्बल्डन आलं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. २०१६च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत मिसाकी दोईकडे तिच्याविरुद्ध मॅच पॉइंट होता. तो एक पॉइंट गेला असता तर तीच केर्बर, त्याच तयारीनिशी, 'पहिल्या फेरीत बाद' म्हणून घरी परतली असती. म्हणून कितव्या फेरीत हरली एवढ्यावरून पोर कशी खेळते ते ठरवू नका, असं मी पालकांना कळकळीने सांगते.

पुढच्या भेटीत मी गोष्ट सांगितली नाही, विचारलं. हरल्यावर सगळ्यांत नको काय वाटतं?

"गाडी," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर बाबा एकेक पॉइंट उकरून काढायचे. शेजारी आई मोबाइलवर एलके बघायची. जर्मनीत प्रत्येक खेळाडूला मिळणारा हा दर्जाचा आकडा दर आठवड्याला बदलतो. मुलगी मागच्या सीटवर बसून मोज्यांवरची तांबडी माती चिमटीने काढत राहायची, मान वर करावी लागू नये म्हणून. बाबांचा मला राग आला नाही. त्यांना टेनिस येत नव्हतं. लेकीच्या उपयोगी पडावं म्हणून रात्री व्हिडिओ बघून शिकले होते.

आम्ही शरद ऋतूच्या सुट्टीपर्यंतची मुदत घेतली. तिने विषय काढल्याशिवाय गाडीत सामन्यावर बोलायचं नाही. एलके उघडायचा नाही. शेजारच्या क्लबातल्या एका मोठ्या मुलीबरोबर आठवड्यातून दोनदा सराव. आणि ऑक्टोबरमध्ये निर्णय तिचा. आपण फक्त ऐकायचं. मुदत लागतेच. नाहीतर 'सोडू की नको' रोज सकाळी नव्याने उभं राहतं आणि पोर त्यातच थकून जाते.

३१ जुलैला पॅरिस ऑलिंपिकमध्ये केर्बर चीनच्या झेंग किनवेनशी खेळली. ही आपली शेवटची स्पर्धा, असं तिने आधीच जाहीर केलं होतं. दीड वर्षाच्या मुलीची आई, क्रमवारीत दोनशेच्याही बाहेर, आणि तरी उपांत्यपूर्व फेरीत! तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ती हरली. आईने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं: सामना संपला, घरात कोणी बोलेना, बाबांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग लेकच बोलायला लागली. सर्व्हिस कुठे कमी पडली, ड्रॉप शॉट कधी मारायला हवा होता, अर्धा तास. "इतकं टेनिस हिच्या डोक्यात आहे हे मला माहीतच नव्हतं हो ताई."

ऑक्टोबरमध्ये मुलीने सांगितलं: वैयक्तिक स्पर्धा बंद, फक्त क्लबच्या संघातून खेळणार. बाबांना ते जड गेलं. दोन भेटी त्यांच्या एकट्याबरोबर कराव्या लागल्या.

आईने विचारलं, "मग हे सोडणं झालं की नाही?" मी म्हटलं, तिलाच विचारा.

पुढच्या मे महिन्यात आईने मला एक फोटो पाठवला. संघाचा सामना त्यांच्याच क्लबात होता. लेक एकेरीत हरली, दुहेरीत जिंकली. यजमान संघाने पाहुण्यांना जेवू घालायची इथे पद्धत आहे, म्हणून आईने बटाटेवडे केले होते. ज्या मुलीकडून हरली तिच्याच शेजारी बसून ती वडा खातेय, घोट्यापर्यंत मोजे तांबडे.