अचानक बोलावणं आलं की धावपळ नको म्हणून दोनशेच्या आतल्या भेटवस्तू आधीच घरात आणून ठेवाव्यात का? काय ठेवावं? आणि स्वस्त दिलं म्हणून कुणाला राग येईल का?

ठेवा की. पण थोड्याच ठेवा, आणि कुणाला दिली गेली नाही तर स्वतःच्या घरात वापराल अशीच वस्तू ठेवा. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी भरकटणार आहे.

मी गोव्यात म्हापशाला राहते, माहेर सावंतवाडी. आमचे हे संध्याकाळी सहाला फोन करून सांगतात की आज अमक्याच्या मुलाचं बारसं आहे, सकाळीच सांगणार होतो, विसरलो. आता सात वाजता माणूस काय आणणार, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून काचेच्या सहा ग्लासांची पेटी, आणि तशाच तीन पेट्या त्या घरात आधीच येऊन पडलेल्या असतात. याला कंटाळून मी दहाएक वर्षांपूर्वी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि जमवायला लागले. मग जमवायचंच वेड लागलं. संक्रांतीचं वाण डझनावर स्वस्त पडतं म्हणून एकाऐवजी दोन डझन प्लास्टिकच्या डब्या, बोडगेश्वराच्या जत्रेत काहीतरी चकचकीत दिसलं की घे, सेल लागला की घे. एप्रिलपर्यंत कप्पा उघडला की अंगावर पडायचा.

आणि मग आला पावसाळा. तुम्ही कुठे राहता माहीत नाही, पण आमच्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यात गंमत बघा, लग्नं-मुंजी सगळ्या मे महिन्यात उरकलेल्या, नंतर चातुर्मास लागला की तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्तच नाहीत, म्हणजे मेमध्ये जे उरलं ते नेमकं ओलाव्याचे महिने कपाटात बसून काढणार. माझं असंच झालं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी कप्पा उघडला तर कुबट वास, फोटोफ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर हिरवी बुरशी, गिफ्ट पेपर पापडासारखा वाकडातिकडा झालेला, आणि आहेराची पंचवीस पाकिटं आणली होती त्यांचा गोंद हवेतल्या ओलीनेच चिकटून पंचवीसच्या पंचवीस आपोआप बंद! आत काहीच नाही. किटलीच्या वाफेवर धरून सात-आठ उघडली, ती पण सुरकुतली. तेव्हापासून पाकिटं आणली की प्रत्येकाच्या झाकणाखाली बटर पेपरची पट्टी सरकवते आणि सगळी एका घट्ट झाकणाच्या डब्यात, बरोबर नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. चॉकलेटचं तर नावच काढू नका, मेच्या उकाड्यात त्यातलं कोकोआ बटर वितळून वर येतं आणि परत गार झालं की पांढरा थर धरतो, खायला चालतं पण समोरच्याला वाटतं जुनं दिलं.

म्हणून आता जूनच्या आधी मी कप्पा जवळजवळ रिकामा करते. चार-पाच वस्तू राहतात, त्याही स्टीलच्या.

स्टीलवरून आठवलं, ही गोष्ट सांगायलाच हवी. एकदा असंच संध्याकाळचं बोलावणं, वास्तुशांतीचं, आणि माझा कप्पा रिकामा. माळ्यावर सासूबाईंनी जपून ठेवलेल्या खोक्यांत एक स्टीलचा डबा मिळाला, कोरा करकरीत, एकदाही वापरलेला नाही. पुसला, पेपरात गुंडाळला, देऊन आले. तीन आठवड्यांनी त्या वहिनी दारात हजर, हातात तोच डबा. म्हणाल्या, "वहिनी, हा तुमच्या घरचा दिसतोय, चुकून आला वाटतं," आणि डबा पालथा केला. बुडावर, ते मशीनने ठिपके ठिपके करून नाव घालतात ना, तसं माझ्या नणंदेचं नाव, "विवाहाप्रीत्यर्थ काकांकडून सप्रेम भेट" आणि खाली १९९४! मी त्यांना बसा म्हणायचंसुद्धा विसरले. बरं पालथा करताना झाकण घट्ट धरलं होतं त्यांनी, कारण आत बेसनाचे लाडू भरून आणले होते. एक अक्षर वाकडं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. डबा आता माझ्याकडे रव्याला आहे. तेव्हा घरात आलेली भेट पुढे सरकवायची असेल तर जरूर सरकवा, त्यात पाप नाही, पण बुडावरून अंगठा फिरवून बघा. पुस्तक असेल तर पहिलं पान उघडा. ब्लाऊजपीसचं तर विचारूच नका, एक मोरपिशी माझ्याकडे दोनदा आलाय, घडीवर तोच चहाचा डाग घेऊन.

आता काय ठेवायचं ते. माझ्या अनुभवात खायची वस्तू सगळ्यात बरी, ती संपते, कुणाच्या शोकेसमध्ये धूळ खात बसत नाही. अख्ख्या काजूचं लहान पाकीट दोनशेच्या आत येतं, ते मी फ्रिजमध्ये ठेवते, बाहेर राहिलं की खवट होतं. कोकम आगळाची बाटली, सुकी आमसुलं, हे तर महिनोन् महिने टिकतं. बाहेरगावचे पाहुणे अचानक निघाले तर हेच हातात देते, बेबिंका, म्हणजे आमची गोव्याची थराथराची मिठाई, असेल तर उत्तमच (तिला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगितलं की पुण्या-मुंबईचे लोक पाकीट उलटसुलट करून बघतात). काजू फेणीला तर ते २००९ मध्येच मिळालंय, पण फेणी मी साठ्यात धरत नाही, कोण पितं कोण नाही याचा हिशोब आमच्या ह्यांच्याकडे, आणि एकदा बाटलीचं झाकण सैल निघालं तर अख्खा कप्पा तीन महिने दरवळत होता. त्यात ओटीचे खण होते हो!

मुलांसाठी मी माहेरी गेले की सावंतवाडीहून लाकडी भोवरे आणि भातुकलीचे लहान डबे आणते. आमच्या शेजारी आंटी आहेत, त्यांच्या घरून नाताळला कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट येतं, दोदोल, कुलकुल, नेवऱ्या, वर क्रोशाचा रुमाल झाकलेला. ते ताट रिकामं परत करायचं नाही हे दोन्हीकडे ठरलेलंच, चवथीला आमच्याकडून जातं तेव्हा त्याही करत नाहीत. पूर्वी मी घाईघाईत वाटीभर साखर घालून द्यायचे. गेल्या वर्षी नात आली होती त्यांची, तर ताटात एक भोवरा ठेवला. आंटी म्हणाल्या, "अगो, हें कित्याक हाडलें?" (अगं, हे कशाला आणलंस?) आणि संध्याकाळी जिन्यात ती पोर भोवरा फिरवतेय आणि आंटीच तिला दोरी कशी गुंडाळायची ते दाखवतायत. साठ-सत्तर रुपयांची वस्तू असेल. मेणाचे खडू आणि चित्रकलेची वही पण चालते, वयाचा प्रश्न येत नाही.

चवथीच्या दिवसांत दहा घरी गणपती बघायला जायचं असतं, तेव्हा चांगल्या उदबत्तीचे पुडे आणि कापूर, एवढंच. पण उदबत्ती खाऊच्या शेजारी ठेवू नका, काजूला मोगऱ्याचा वास लागतो.

काय ठेवू नये विचाराल तर शोपीस, भिंतीवरचं घड्याळ, मापाचे कपडे. आणि कॉफी मग. ते सगळ्यांकडे सतरा असतात.

कप्प्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, कुणाला काय दिलं, कुणाकडून काय आलं. हे नाही केलं तर एकाच घरी दोनदा तोच टॉवेल जातो, विचारू नका मला कसं माहीत. वर्षभर एखादी वस्तू हलली नाही तर ती मी घरात वापरायला काढते, आमच्या बाथरूममधले सगळे नॅपकिन तसेच आलेत.

स्वस्त दिलं म्हणून कुणाला राग येईल का असं तुम्ही विचारलंय. मला तरी कुणी तोंडावर दाखवलं नाही, आणि दोनशेत काजू दिले तर कुणी किंमत काढत बसत नाही. फक्त किमतीचा स्टिकर वस्तू घरी आणल्या आणल्या काढा. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवलं की सुळकन निघतो. निघायच्या वेळी, नवरा खाली स्कूटर चालू करून हॉर्न मारत असताना, नखाने खरवडायला गेलात तर अर्धाच निघतो आणि नेमका आकडा मागे राहतो.